समुद्राचं औषध

कृष्णराव माग चालवताना बोलत नसत, हे पवनीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बोलायचं असलं की ते हात थांबवत, सूत आरपार नेणारा धोटा मांडीवर घेत आणि मगच तोंड उघडत. त्या दिवशी सकाळपासून धोटा इतक्या वेळा मांडीवर आला की शेवटी पुष्पाबाई आतून म्हणाल्या, "लुगडं विणून राहिले का पोरीले पाहून राहिले?"

"दोन्ही," कृष्णराव म्हणाले. "लुगडं उद्याही हाय. पोरगी संध्याकाळच्या गाडीनं जाते."

स्वाती मागाशेजारी भिंतीला टेकून धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत होती. गोव्याला समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तिची नोकरी होती. सुट्टी संपली होती, बॅग दाराशी उभी होती, आणि बापलेकीकडे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. मग कृष्णरावांनी दरवेळचा प्रश्न काढला.

"तुह्या त्या बाटलीतल्या जीवाईचं काय? आता काय खाऊ घालून राहिली त्याईले?"

"हिरवा उजेड, बाबा. निघाले तेव्हा निळ्यातून हिरव्यात ठेवून आले."

"अन काय करतात मंग?"

कापसाचं सूत हातात असताना सांगणं सोपं होतं. समुद्रात ऊन शिरतं तेव्हा त्यातला लाल भाग वरच्या वरच संपतो, तिनं सांगितलं. पिवळाही फार खोल जात नाही. भर समुद्रात खाली खाली निळा तेवढा उरतो. पण किनाऱ्याजवळ नद्यांचं गढूळ पाणी मिसळतं, ते निळा गिळून टाकतं, आणि तिथं हिरवा उरतो. हे जीव इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. पाणी नेईल तिकडे वाहत जातात. खायला फक्त उजेड. म्हणून त्यांनी उजेड धरायला अंगात झुपके वाढवलेले असतात. निळ्या पाण्यात असले की झुपक्यांत निळा धरणारा रंग जास्त भरतात, हिरव्यात आले की हिरवा धरणारा. बाटलीतलं सगळं पाणी नारिंगीचं हळूहळू गुलाबी होत जातं.

"अख्खा झुपका नवा बांधतात?"

"नाही. झुपका जवळपास तोच राहतो. काही जागी रंग तेवढा दुसरा बसवतात."

कृष्णरावांनी मान हलवली. "म्हणजे माग तोच. कांडी बदलते."

"हो."

"अन उजेड जास्त झाला तं?"

"तर पोळतात. मग झुपके छोटे करून घेतात. खोल अंधारात गेले की पुन्हा मोठे."

"हुशार हायेत," कृष्णराव म्हणाले आणि धोटा उचलला. पण तो फेकायच्या आधीच दारातून तुलाराम आत आले. समोरच्या घरातले, कृष्णरावांच्या वयाचे, तेही विणकर. येताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला.

"दरवाजा बारीक करून ठेवला का बे?" तुलाराम म्हणाले.

"तूच फुगला."

तुलाराम हसत बसले, आणि बसल्या बसल्या स्वातीला म्हणाले, "काय व बाई, कुठवर आलं आमचं औषध?"

स्वातीनं बापाकडे पाहिलं. कृष्णरावांचे पाय मागाच्या खड्ड्यात होते, नजर ताण्यावर, मागावरच्या उभ्या सुतावर.

"दिवाळीपर्यंत येते," ते ताण्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले. "समुद्राचं औषध हाय. टाइम लागते."

स्वातीनं भरलेली कांडी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. काही बोलली नाही. आजवरही बोलली नव्हती.

ही गोष्ट कधी सुरू झाली ते तिला आठवत होतं. नोकरी लागली त्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं होतं, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काही जण समुद्रातल्या शेवाळातून औषधं शोधतात. वरच्या मजल्यावरचं औषध पवनीला पोचेपर्यंत खालच्या, तिच्या मजल्यावर आलं होतं आणि डोळ्यांचं झालं होतं. सुट्टीत घरी आली की कुणीतरी विचारायचं, ती म्हणायची, "पाहू." तो शब्द हो आणि नाही, दोन्हीकडे वळत होता, आणि तिला तेवढं पुरत होतं.

संध्याकाळी कृष्णराव तिला बसस्टँडवर सोडायला आले. नागपूरची बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. खिडकीच्या गजावर बोटांनी दोनदा टकटक केली, जशी ते ताण्यावर सूत घट्ट आहे का पाहायला करत.

पहाटे रेल्वेत, भुसावळच्या अलीकडे, भावाचा, मनिषचा, फोन आला: बाबा गेले. स्वाती भुसावळला उतरली. फलाटावर तिनं परतीच्या गाडीची चौकशी केली, चहा घेतला, तो न पिता कठड्यावर ठेवला आणि फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली, गाडी येईपर्यंत.

वैनगंगेच्या घाटावरून सगळे परतले आणि घरात बसणं सुरू झालं. बसणंच स्वातीला जमेना. बाया सतरंजीवर येऊन बसत, पुष्पाबाईंच्या पाठीवर हात ठेवत, कृष्णराव शेवटी काय जेवले ते विचारत. स्वाती पाणी आणायला उठे, पाणी देऊन झालं की फुलपात्रं विसळायला, ती विसळून झाली की गच्चीवर वाळत घातलेलं पाहायला. गच्चीवर काही वाळत घातलेलं नसे. मग ती खाली येई.

"एका ठिकाणी राह्य ना माय थोडी," पुष्पाबाई म्हणाल्या.

"राहते."

पण पुन्हा उठे. संस्थेतली मोनिका तिच्या बाटल्यांवर लक्ष ठेवून होती. तिनं लिहिलं होतं, 'घाई करू नकोस, इथलं मी बघते.' खाली बाटल्यांचा फोटो. कडेची नारिंगी छटा मावळायला लागली होती. स्वातीनं फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. बाप गेल्याच्या आठवड्यात आपण बाटलीचा रंग पाहतो आहोत, याचं तिला नवल वाटलं, आणि पाहणं थांबलं नाही याचंही.

भेटायला येणारे औषधाचं विचारत. सांत्वनाला ते सोयीचं होतं. "बाप तुहं नाव घेऊन घेऊन मेला," एक म्हातारा म्हणाला. "आता त्याच्या नावानं तरी लवकर काढ ते औषध." स्वाती म्हणाली, "पाहू." आणि फुलपात्रं उचलून ती आत गेली.

त्या गल्लीत एक रिवाज होता. विणकर अर्धा ताणा मागावर टाकून गेला, तर तो ताणा कापायचा नाही आणि घरच्यांनी हातही लावायचा नाही. शेजारच्या मागवाल्यानं येऊन तेरवीच्या आत तो पुरा करायचा, आणि उतरेल ते कापड लेकीला द्यायचं. त्याप्रमाणे तुलाराम आले. मागाच्या पाया पडून खड्ड्यात उतरले, धोट्याला हात लावून कपाळाला लावला, आणि माग पुन्हा खटखटू लागला. तो आवाज ऐकून पुष्पाबाईंनी आत पदर तोंडात धरला. स्वातीला मात्र पहिल्यांदाच बसावंसं वाटलं. ती तिच्या जुन्या जागी, भिंतीला टेकून बसली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की डाव्या काठाजवळ एक तार तुटली आहे. ताण्याची तार तुटली की विणकर हात थांबवतो, गाठ मारतो, मग पुढे जातो. तुलारामांनी हात थांबवला नाही. कापडात डावीकडे उभी फट पडत गेली.

"काका, तार तुटली."

"कुठं?"

"तुमच्या डाव्या हाताले."

तुलारामांनी डोळे वळवले नाहीत, अख्खी मान वळवली. तेव्हा कुठे त्यांना दिसलं. "हट," म्हणाले, गाठ मारली. "तुह्या बापानं सूतच कच्चं भरलं."

पुढे आणखी दोन तुटल्या, त्याच बाजूला. उजवीकडे एक तुटली ती त्यांना लगेच दिसली. मधलं कापड एकसारखं, सुरेख उतरत होतं. इतकं सुरेख, की डावा काठ दुसऱ्याच कुणी विणल्यासारखा वाटत होता. स्वातीला दाराची चौकट आठवली.

"काका, तुमच्या डोळ्याले काय सांगितलं होतं डॉक्टरनं?"

"काचबिंदू."

"थेंब दिले असतील ना?"

"दिले. होळीपासून सोडले. आग आग होते डोळ्यात." तुलारामांनी धोटा मांडीवर घेतला. मागाची ही सवय दोघांची सारखीच होती. "अन कृष्णा म्हणे, पोरीचं औषध येऊन राहिलं, मंग दोन दोन औषधं कायले?"

"बाबा म्हणाले, थेंब सोड?"

"तसं नाही म्हणलं. औषध येते म्हणलं. थेंब मी सोडले. अकल मलेही हाय ना."

स्वाती उठून उभी राहिली. काचबिंदूबद्दल तिनं वाचलेलं होतं. नजर कडेनं आत आत आटत येते आणि गेलेली परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकते, एवढंच. मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं, आपलं चाललं आहे ठीक.

"थेंब पुन्हा सुरू करा, काका. आजच."

"तुहं येईपर्यंत?"

"माझं... तुम्ही सुरू करा."

"नाही व. दोन औषधं एकमेकाले मारतात. थांबलो तं थांबलो." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "तुह्या बापानं हा शब्द इथं बसून देल्ला. खड्ड्यात पाय टाकून. मागाच्या खड्ड्यात बसून कोणता कोष्टी खोटं बोलते, सांग बरं? मी जिंदगीत बोललो नाही, तो बोलला नाही."

माग पुन्हा सुरू झाला. स्वाती मागच्या दारानं बाहेर पडली. गल्लीतून घाटाच्या दिशेनं चालू लागली, घाट दिसायच्या आत वळली, बाजाराकडे गेली, तिथूनही वळली. सुतकातली मुलगी अशी अनवाणी फिरताना पाहून दोघीतिघींनी हाक मारली. तिला आतल्या आत चूक-बरोबर मांडायचं होतं आणि ते चालल्याशिवाय मांडता येत नव्हतं. सांगितलं, तर गल्लीसाठी बाप खड्ड्यात बसून खोटं बोलणारा ठरतो, आणि त्याला उत्तर द्यायला तो नाही. न सांगितलं, तर तुलारामांच्या नजरेचा रोज थोडा थोडा काठ जातो.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. हात चालूच राहिला.

"बाबाले खरंच वाटत होतं का, मी औषध करते म्हणून?"

"नाही व," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्याले मालूम होतं. तू सांगे ते सारं समजे त्याले. रात्री मले समजावून सांगे, निळं पाणी, हिरवं पाणी. मी झोपून जाओ."

"मग लोकांना कायले सांगत होते?"

"लोकं काय विचारत? पोरगी इतक्या दूर काहून ठेवली, लगन काहून नाही केलं, तिथं करते काय ते तं सांग. बाटलीत उजेड सोडते म्हणून सांगाचं का त्यानं? औषध म्हणलं का सारे चूप बसत. तुह्यावरचं बोलणं त्यानं आपल्या अंगावर घेतलं." त्यांनी एक खडा काढून दाराकडे टाकला. "तुलाराम थेंब सोडन हे त्याले ठाव असतं तं त्यानं तोंड उघडलं नसतं. आता तेरवी होऊ दे. सारे गोळा होतीन, त्याईच्यात बापाले उघडा नको पाडू. मंग चूपचाप सांग तुलारामले."

मनिष दारात उभा राहून ऐकत होता. त्याचं आसगावला कापडाचं दुकान होतं आणि त्याला कुठल्याही भांडणात दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची सवय होती.

"सांगाचंच कायले?" तो म्हणाला. "काकाले म्हणतो, ताईचं औषध घ्यायच्या आधी भंडाऱ्याले तपासणी लागते, अन तोवर थेंब टाकावेच लागतात, तिथचा नियमच तसा हाय. माणूस थेंबावर लागला का झालं. बाबाचंही नाव राहते, डोळेही राहतात."

"आणि दिवाळीला?"

"दिवाळीले म्हणू, पुढच्या दिवाळीले."

स्वातीनं यावर बराच विचार केला. ते खोटं होतं, पण त्यानं काम झालं असतं. तिला ते नाकारायला कारण सापडेना, म्हणून ती म्हणाली, "बरं." आणि त्या रात्रीही तिला एका कुशीवर पडता आलं नाही.

तेरवीला अंगणात कापड बांधलं होतं. दुपारची पंगत बसायची होती. माणसं हातपाय धुऊन बाजूला सावलीत गोळा झाली होती. कृष्णरावांचं लुगडं उतरलं होतं. तुलारामांनी ते घडी करून स्वातीच्या हातात दिलं. डाव्या काठाला विरळ रेघा होत्या. बायांनी त्या पाहिल्या आणि नजरा दुसरीकडे नेल्या. तुलाराम खुश होते.

मनिषनं तीच वेळ साधली. तुलारामांच्या खांद्यावर हात टाकून ठरवलेलं सगळं त्यानं नीट सांगितलं: तपासणी, थेंब, नियम.

"असं म्हणा ना मंग," तुलाराम म्हणाले. "नियम हाय तं टाकतो थेंब." आणि सावलीतल्या माणसांकडे, पुन्हा अख्खी मान वळवून, मोठ्यानं बोलले, "ऐका रे. कृष्णाच्या पोरीचं औषध पक्कं झालं. भंडाऱ्याले तपासणी हाय."

त्यावर जे झालं ते मनिषच्या हिशेबात नव्हतं. एक जण म्हणाला, माह्या मायलेही नेता का. कोंढ्याहून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, मोतीबिंदूले चालते का, कापाचं म्हणून सांगतलं, पण औषध असन तं कायले कापा. एका म्हातारीनं नातीला पुढे ढकललं, हिच्या चष्म्याचं पाहाजो बाई. मनिष दोन्ही हात वर करून म्हणू लागला, "हळू, हळू, एकेकाचं पाहू," आणि 'पाहू' हा शब्द भावाच्या तोंडून ऐकताच स्वाती उभी राहिली. खरं तर ती उभीच होती. हातातलं लुगडं तिनं आईच्या मांडीवर ठेवलं, एवढंच.

"काका, माझ्याजवळ औषध नाही," ती म्हणाली.

"आता नाही, दिवाळीले..."

"दिवाळीलेही नाही. मी औषध करतच नाही. कधी केलं नाही. तपासणीचा नियम वगैरे काही नाही, मनिषनं तुमच्या भल्यासाठी सांगितलं. तुमचे डोळे थेंबानंच राहतील, अन जेवढे गेले तेवढे परत येणार नाहीत. उद्या सकाळी मी तुमाले भंडाऱ्याले नेते, डॉक्टरजवळ. अन कोंढ्याचे दादा, तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या. थांबू नका."

आचाऱ्यानं भाताच्या गंजावरचं झाकण काढलं होतं, ते त्यानं परत ठेवलं. पुष्पाबाईंनी मान खाली घातली.

"म्हणजे कृष्णा खोटं बोलला," तुलाराम म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "खड्ड्यात बसून."

"माझ्यासाठी बोलले. मी काय करते ते लोकांना सांगता येईना म्हणून. मी तिथंच बसली होती, मी बोलायले पाहिजे होतं."

"सांगता न येण्यासारखं काय करते व तू?" तुलारामांनी विचारलं, आणि त्यात टोमणा होता, राग होता, पण तो प्रश्नही होता; कृष्णराव सोडले तर इतक्या वर्षांत पवनीत तो पहिल्यांदाच कुणी उत्तर ऐकायचं म्हणून विचारत होतं. "इतकं शिकवलं त्यानं. नजर जाऊन राहिली माही तुह्या भरोशावर. तं सांग आता. तिथं करते काय तू?"

स्वाती त्यांना नीट दिसेल अशी समोर येऊन उभी राहिली.

"समुद्रात बारीक जीव असतात, काका, डोळ्याले न दिसणारे. ते उजेड खातात. निळ्या पाण्यात निळा, हिरव्या पाण्यात हिरवा. जो मिळन त्याच्यासाठी अंगातला रंग बदलून घेतात. ते कसं करतात ते मी पाहते. दिवसभर तेच पाहते. त्यानं कोणाचे डोळे बरे होत नाही, कोणाचं पोट भरत नाही. पुढं कशाच्या कामी येईन का, मले मालूम नाही, अन खरं सांगू तं मी त्याच्यासाठी करतही नाही. मले ते आवडते, काका. घर सोडून तिथं राहण्याइतकं आवडते. औषधासाठी नाही, नोकरीसाठी नाही. हे बाबाले मी एकदाही असं सांगितलं नाही."